पश्चात्ताप आणि कोरलेला बांध

मागच्या व्याख्यानानंतर एक ताई भेटायला थांबल्या. नगर जिल्ह्यातल्या, सत्तरीच्या असाव्यात. म्हणाल्या, "सर, माझ्या दिरानं आमच्या शेताचा बांध कोरला. दरवर्षी थोडा थोडा. आणि दरवर्षी सभेत उभा राहून तो रडत साक्ष देतो, देवानं मला क्षमा केली म्हणून. पश्चात्ताप दरवर्षी होतो, बांध आहे तिथंच आहे." आजचा विषय मी खरं तर वेगळा ठरवला होता. पण त्या प्रश्नाने तो बाजूला सारला.

तक्रार दिराबद्दल वाटते, पण मला ती आपल्या उपदेशाबद्दलही वाटते. पश्चात्ताप म्हणजे काय हे आपण व्यासपीठावरून कसं शिकवलं, त्याचं फळ त्या बांधावर दिसतं आहे.

सुरुवात शब्दापासून करू. पश्चात् म्हणजे नंतर, आणि ताप तर आपल्याला ठाऊकच आहे. नंतर होणारी जळजळ. शब्द सुंदर आहे, पण तो माणसाला मागे बघायला लावतो, आणि आत बघायला लावतो. शुभवर्तमानांतला ग्रीक शब्द 'मेटानोइया'. त्याचा रोख मन पालटण्याकडे आहे. त्याच्या पाठीमागे हिब्रू संदेष्ट्यांचं क्रियापद उभं आहे, 'शूव', म्हणजे वळणे, परत येणे. हे तर थेट पायांचं क्रियापद. वाट चुकलेला माणूस रस्त्यात बसून कितीही हळहळला तरी घरी पोचत नाही. शब्द बदला असं मी म्हणत नाही, दोनशे वर्षं रुळलेला शब्द असा काढून टाकता येत नाही. पण तो ऐकताना पाय विसरू नका.

आता लूकचा पंधरावा अध्याय. उधळ्या पुत्राचा दृष्टांत. यावर आपण इतके उपदेश ऐकलेत की मुलगा डुकरांच्या खोपटात ढसाढसा रडतो आहे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. घरी गेल्यावर जरा वाचून बघा. त्याच्या डोळ्यांत पाणी आल्याचं लूक कुठेही सांगत नाही. तो सांगतो भुकेबद्दल. बापाच्या मजुरांना पोटभर मिळतं हा मुलाचा हिशोब सांगतो. आणि मग उठून निघाल्याचं सांगतो. एवढंच. त्याने पाठ केलेलं भाषणसुद्धा पुरं होत नाही. मला मजूर म्हणून ठेवा हे शेवटचं कलम बोलायच्या आधीच बाप नोकरांना हुकूम सोडतो. रडणं आपण घातलं. का घातलं, तर श्रोते रडले की सभा चांगली झाली असं आपल्याला वाटतं.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. थोरला भाऊ. त्याला आपण दोन वाक्यांत ढोंगी परूशी ठरवून मोकळे होतो. पण मालमत्तेची वाटणी दोघांत झाली होती, धाकट्याने आपला वाटा उडवला होता. मग ते पोसलेलं वासरू, तो झगा, ती अंगठी आता कोणाच्या वाट्यातली? बापाची माया अफाट आहे, यात वाद नाही. पण धाकटा बापाशी बोलला, भावाशी बोलल्याचं दृष्टांतात नाही. थोरला अंगणातच उभा राहतो आणि लूक गोष्ट तिथेच सोडतो. त्या ताई मला त्या अंगणात दिसतात. त्यांना ढोंगी म्हणायची माझी हिंमत नाही.

लूकने हा धागा पुढे उचललाय असं मी वाचतो. एकोणिसाव्या अध्यायात यरीहोचा जक्कय येतो, जकातदारांचा मुख्य. इथेही अश्रू नाहीत, आणि मौज म्हणजे 'मेटानोइया' हा शब्दही नाही. आकडे आहेत. अर्धी संपत्ती गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, दोष कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा आहे. तोही ज्याचं नुकसान केलं त्याला. जक्कयाने मेंढरू चोरून खाल्ल्याचा दर स्वतःला लावून घेतला. तो आधीपासूनच देत होता की आता देणार म्हणतो, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण दोन्ही अर्थांत पैसा खिशातून निघतो.

मग हे आपल्या उपदेशातून गेलं कुठे? कॅथलिक परंपरेने पश्चात्तापाचे तीन भाग धरले, मनापासून दुःख, पापकबुली आणि भरपाई. पुढे या तिसऱ्या भागाभोवती दंडमाफीपत्रांचा बाजार उभा राहिला. 1517 साली लूथरने त्याच बाजारावर बोट ठेवलं, आणि त्याचा पहिलाच सिद्धांत असा की विश्वासणाऱ्याचं अवघं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. कृपा विकत मिळत नाही, हे त्याचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण आपल्याकडच्या प्रॉटेस्टंट प्रचारात सुक्याबरोबर ओलंही जळालं. देवाला काही द्यायचं नाही हे शिकवता शिकवता शेजाऱ्याचंही काही देणं नाही असं ऐकू जाऊ लागलं.

कोणी म्हणेल, म्हणजे पैसे परत केले की झालं? नाही. मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायातला यहूदा पाहा. त्याला खंत वाटली, तिथे ग्रीकमध्ये 'मेटानोइया' नाही, 'मेटामेलोमाई' आहे. त्याने निर्दोषाचा घात केल्याचं कबूल केलं, तीस नाणी परत नेली. सगळं केलं. पण नेली कोणाकडे? याजकांकडे. त्यांनी झटकून टाकलं. ज्याचा घात केला त्याच्याकडे तो वळला नाही.

पेत्र मात्र रडला, हेही खरं. रडण्याला माझा विरोध नाही. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडून पापं कबूल करत होत्या, त्यावर मी कशाला बोट ठेवू? पण पेत्राची गोष्ट त्या रात्रीच्या रडण्यावर संपत नाही. योहान दोन ठिकाणी कोळशाचा विस्तव सांगतो. एक प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे पेत्राने ओळख नाकारली. दुसरा सरोवराकाठी, जिथे ज्याला नाकारलं तोच समोर बसून तीनदा विचारतो. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. तो उठून जात नाही.

त्या ताईंना मी त्या दिवशी फार काही सांगू शकलो नाही. एवढंच विचारलं, दिराने तुमच्या ओसरीवर येऊन हा विषय कधी काढला का?

"नाही हो," त्या म्हणाल्या. "तो माईकवरच बोलतो."