एकट्याची बाजू
कै. जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ या कथेत मुंबईत बर्फ पडते. वसंत चिटणीस हा एकटा शास्त्रज्ञ ते आधीच सांगतो. बाकीचे त्याला हसतात आणि अखेर तोच खरा ठरतो. कथा मोठी फर्मास!

प्रत्यक्षात आज नेमके उलटे आहे. हवा, समुद्र नि जमीन माणसामुळेच तापली, हे निःसंशय, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीने 2021 साली सांगितले. शंका आहे ती लोकांत. आमच्या हिंगोलीकडे ‘1972 चा दुष्काळ काय कमी होता?’ असे विचारणारे गृहस्थ स्वतःलाच चिटणीस समजतात! जुने दुष्काळ नाकारतो कोण? पण एकट्याची बाजू घेण्याची आम्हां वाचकांना भारी गोडी. हजारोंचे एकमत आम्हांला नीरस वाटते.

यात कथेचा दोष नाही. सुटीत मुलांना ती जरूर वाचून दाखवावी. मात्र चिटणीस समुद्राच्या उष्णतेचा हिशेब मांडतो, तो भाग गाळू नये.