याशिका मॅट-१२४जी: भिंग भरवशाचं, सुई संशयास्पद

जुन्या जपानी टीएलआर कॅमेऱ्यांबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात कौतुकच फार. चौकोनी फ्रेम, मान खाली घालून काचेत बघण्याची ती ऐट, बाजूची क्रँक फिरवल्याचा आवाज. कौतुक खोटं नाही, पण त्यातून कॅमेरा कळत नाही. तुम्ही संशोधनाकडे निघालाय, म्हणजे पुढची काही वर्षं कुठल्या ना कुठल्या उपकरणाच्या आकड्यावर विश्वास टाकणार आहात. म्हणून या जातीतला सगळ्यात गाजलेला कॅमेरा, याशिका मॅट-१२४जी, आज उपकरण म्हणून तपासूया.

आधी थोडी ओळख. टीएलआर म्हणजे एकावर एक दोन भिंगं: वरच्यातून तुम्ही बघता, खालचं फिल्मवर फोटो घेतं. साचा मूळ जर्मन, १९२९च्या रोलायफ्लेक्सचा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला यांनी तोच कॅमेरा वापरला. पुढे जपान्यांनी हा साचा स्वस्तात आणला. १२४जी आला १९७० साली आणि १९८६पर्यंत बनत राहिला. (घाटकोपर-मुलुंडकडच्या कुणाच्या घरी जुन्या अल्बममध्ये चौकोनी फोटो दिसला, तर लगेच 'टीएलआरचा' असा शिक्का मारू नका. आग्फा क्लिक-३ हा साधा डबा कॅमेराही चौकोनीच फोटो काढायचा.)

बघणारं भिंग वेगळं आणि नोंदवणारं वेगळं, हा या कॅमेऱ्याचा उघड दोष. पण तो किती मोठा, हे कागदावर काढता येतं. हिशेबासाठी दोन भिंगांत ५ सेंटीमीटर अंतर धरू. ८० मिलिमीटरचं भिंग १ मीटरवरच्या माणसाचा साधारण ६५ सेंटीमीटर भाग टिपतं, म्हणजे चूक जवळपास ८ टक्के. डोक्याचा वरचा भाग कापला जाणार. तोच माणूस ५ मीटरवर गेला की फ्रेम साडेतीन मीटरची होते आणि चूक दीड टक्क्याच्याही खाली येते. दिशा ठरलेली, मोठेपणा अंतरावर अवलंबून. अशा चुकीला पद्धतशीर चूक म्हणतात आणि ती दुरुस्त करता येते. मामिया कंपनीने तर तिच्या टीएलआरसाठी 'पॅरामेंडर' नावाचं साधन काढलं होतं: ट्रायपॉडवर फ्रेम नक्की करा, दांडा वळवा, कॅमेरा दोन भिंगांमधल्या अंतराइतका वर सरकतो. मला हे उपकरण जाम आवडतं.

आता ज्याची जाहिरात होते ते वैशिष्ट्य: अंगचा लाइट मीटर. वरचं झाकण उघडलं की तो सुरू होतो. दोन सुया जुळवा, एक्स्पोजर झालं. इथे माझी तक्रार आहे. आत कॅडमियम सल्फाइडचा सेल आहे, प्रकाश वाढला की त्याचा रोध कमी होतो. सुई दाखवते तो त्यातून गेलेला प्रवाह, आणि प्रवाह व्होल्टेजवरही अवलंबून असतो. मूळ बॅटरी पाऱ्याची होती, १.३५ व्होल्टची, आणि संपत येईपर्यंत तेवढाच दाब देणारी. पाऱ्याच्या बॅटऱ्या पर्यावरणासाठी बंद झाल्या, ते योग्यच झालं. आज त्या खाचेत लोक अल्कलाइन बॅटरी घालतात. ती नवी असताना १.५ व्होल्ट देते आणि वापराबरोबर घसरत जाते. सुरुवातीला सुई प्रकाश जास्त दाखवते, फोटो काळपट येतो. मग कधीतरी दाब १.३५ला पोचतो, त्या दिवशी सगळं बरोबर! त्यानंतर चूक उलट्या दिशेने. तुमच्या वहीत मात्र तिन्ही दिवसांच्या नोंदी सारख्याच दिसतात.

शिवाय या सेलला आठवण असते. बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधून कान्हेरीला जा. उन्हातून तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरल्या शिरल्या घेतलेलं रीडिंग आणि काही मिनिटांनी घेतलेलं रीडिंग ताडून बघा. बाहेर काळ्या बेसॉल्टवर रोखलंत तर सुईला प्रकाशच कमी वाटतो, कारण दगड काळा आहे हे तिला ठाऊक नाही. या शेवटच्या गोष्टीत याशिकाचा दोष नाही, परावर्तित प्रकाश मोजणारा कुठलाही मीटर असंच करेल.

उपाय आहेत. श्रवणयंत्राची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टच्या आसपास स्थिर राहते, पण सील काढलं की काही आठवड्यांत वाळते. त्याहून सोपी पडताळणी म्हणजे स्वच्छ उन्हात १०० आयएसओची फिल्म, एफ/१६ आणि १/१२५ सेकंद. सुई याच्या जवळपास नसेल, तर सुई सोडा.

म्हणूनच माझं मत बाजारभावाच्या उलट आहे. शिकायला १२४जीपेक्षा बिनमीटरची याशिका-डी बरी. तिला सुई नाही, त्यामुळे प्रकाशाचा अंदाज तुम्हालाच करावा लागतो आणि लिहून ठेवावा लागतो. घेताना भिंगातून टॉर्च मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते तेवढं बघा. आपल्याकडचे चार महिने पावसाळ्याचे, आणि कपाटात विसरलेल्या कॅमेऱ्याला ती हमखास धरते.