सुपारी फुटल्यानंतरची पत्रं

मराठी पत्रवाङ्मयाचा आढावा घेताना आपले समीक्षक पुढाऱ्यांची पत्रं घेतात, लेखकांची घेतात, तुरुंगातून आलेली घेतात. लग्न ठरलेल्या मुलामुलीनं एकमेकांना लिहिलेली पत्रं मात्र कुणी गद्य म्हणून वाचत नाही. चरित्रकाराला तारखा जुळवण्यापुरती ती लागतात, बाकीच्यांना कुतूहल भागवण्यापुरती. सुपारी फुटल्यापासून अक्षता पडेपर्यंतची ही पत्रं हा एक वेगळा लेखनप्रकार आहे, असं मला ठामपणे वाटतं. लिहिणारे दोघं अजून परके असतात आणि जन्माचे सोबती व्हायचं त्यांचं ठरलेलं असतं. या अवघडलेपणातून जी भाषा निघते, ती दुसऱ्या कुठल्याच पत्रात सापडत नाही.

या कलेला तीन गोष्टी लागतात. दोघांनाही लिहिता यावं, दोघं एकमेकांपासून लांब असावीत, आणि लग्न ठरणं व लग्न लागणं यांत काही महिने तरी मोकळे मिळावेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या वरच्या थरात या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. १८४० मध्ये तिथं एका पेनीत देशभर पत्र जाऊ लागलं. मुलीला होणाऱ्या नवऱ्याशी एकांतात बोलायची सोय नव्हती, कुणीतरी वडीलधारं जवळ बसलेलं असे. मग एकांत मिळायचा तो कागदावरच. खुद्द राणी व्हिक्टोरियाचं लग्न ऑक्टोबर १८३९ मध्ये ठरलं आणि फेब्रुवारी १८४० मध्ये लागलं. मधल्या काळात तिचा होणारा नवरा अल्बर्ट जर्मनीत होता. लग्नानंतर जरा निवांत दिवस बाहेर काढावेत, अशी त्याची इच्छा होती. राणीनं पत्रातून त्याला समजावलं की आपण राज्यकर्ती आहोत, राजधानी सोडून फार दिवस राहता येणार नाही. प्रेमात असलेली मुलगी आणि सिंहासनावरची बाई एकाच पानावर बोलते, म्हणून ते पत्र मला मोलाचं वाटतं.

एलिझाबेथ बॅरेट आणि रॉबर्ट ब्राउनिंग या कवींचा पत्रव्यवहार तर या प्रकाराचं शिखरच. १० जानेवारी १८४५ ला ब्राउनिंगचं पहिलं पत्र गेलं आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात दोघांनी वडिलांच्या नकळत लग्न केलं. एवढ्या अवधीत दोघांची मिळून पावणेसहाशेच्या आसपास पत्रं झाली, आणि तीही एकाच शहरातून, लंडनमधून. १८९९ साली त्यांच्या मुलानं ती छापली, तेव्हा आईबापांचं खासगीपण चव्हाट्यावर मांडलं म्हणून त्याच्यावर टीका झाली. अशा पत्रांना तिथं आणखी एक धार होती. दिलेलं लग्नाचं वचन मोडलं तर कोर्टात दावा लावता येई आणि प्रेमपत्रं पुरावा म्हणून भर कोर्टात वाचली जात. शब्द जपून वापरण्याची सवय काही अंशी या भीतीनंही लावली असणार.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं? रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली अकराव्या वर्षी झालं. आनंदीबाई जोशींचं त्याच्या पुढच्या वर्षी, नवव्या वर्षी. दोघींचं खरं शिक्षण लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली झालं. अक्षरओळखीच्या आधीच संसार गळ्यात पडला, मग लग्न ठरलेल्या मुलीचं पत्र येणार कुठून? आनंदीबाई १८८३ मध्ये वैद्यकी शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या, तिथून गोपाळरावांना लिहू लागल्या. पण ती बायकोची पत्रं. धाक सोसून, वाद घालून, स्वतःचं मत घडवत गेलेल्या बाईची. मोठं गद्य आहे ते, तरी प्रकार निराळा.

एका पत्रापाशी मात्र मला थांबलंच पाहिजे. २९ ऑगस्ट १८६८ ला सावित्रीबाई फुल्यांनी नायगावहून जोतीरावांना लिहिलं. गणेश नावाचा ब्राह्मण तरुण पंचांग सांगत गावोगाव फिरायचा. शारजा नावाच्या महार मुलीशी त्याचं प्रेम जुळलं, तिला दिवस गेले. गावकऱ्यांनी दोघांची धिंड काढली आणि ते त्यांना मारायला निघाले. सावित्रीबाई धावत तिथं पोचल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. पुढं त्या दोघांना त्यांनी जोतीरावांकडेच पाठवून दिलं. बायकोनं नवऱ्याला लिहिलेल्या या मजकुरात लाडाचा एक शब्दही शोधावा लागत नाही. आपण जे केलं ते याला कळेल, याला पटेल, हा भरवसा ओळीओळीत आहे. प्रेमपत्राची व्याख्या करायला बसणाऱ्यानं हे पत्र बाजूला ठेवून चालणार नाही. तसंच शारजेलाही विसरून चालणार नाही. तिला लिहिता येत असतं, तर तिनं काय लिहिलं असतं?

लग्नाआधीच्या पत्रांना मराठीत ग्रंथाचं रूप मिळालं ते ‘कुसुमानिल’मध्ये. आत्माराम रावजी देशपांडे म्हणजे कवी अनिल आणि कुसुमावती जयवंत यांची ही पत्रं विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली. मुली कॉलेजात जाऊ लागल्या होत्या, आणि पत्र लिहायला लागतो तो अवकाश निदान काही घरांत तयार झाला होता. कुसुमावती पुढं शिकायला लंडनलाही जाऊन आल्या. १९२९ मध्ये दोघांचं लग्न झालं. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनात कुसुमावती पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्याच वर्षी गेल्या. १९७२ मध्ये अनिलांनी पत्रं प्रसिद्ध केली. मराठी वाचकांनी ती कवीच्या प्रेमकहाणीसाठी वाचली, आणि इथंच आपलं चुकलं, असं मला वाटतं. पुढं ‘पासंग’सारखं समीक्षेचं पुस्तक लिहिणारी बाई इथं विशीत आहे. तिचं गद्य कसं घडत होतं, याचा याहून जवळचा पुरावा नाही. अनिलांच्या कवितेला या पत्रांतून वाट फुटली, असं सगळे म्हणतात. कुसुमावतींच्या गद्याबद्दल तसं म्हणणारे फार थोडे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि डॉ. शारदा कबीर यांचं लग्न १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत झालं. त्याआधीचे काही महिने दिल्ली-मुंबई पत्रं चालू होती, घटनेचा मसुदाही त्याच दिवसांत आकाराला येत होता. शारदाबाईंनी, म्हणजे पुढच्या माईसाहेबांनी, १९९० मध्ये ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आत्मकथनातून हा काळ उघड केला. पन्नाशी उलटलेला, मधुमेहानं खंगलेला पुरुष आणि त्याच्यावर उपचार करणारी डॉक्टर अशी ही जोडी. लग्न ठरलेल्या माणसांची पत्रं म्हणजे कोवळ्या वयाचा उमाळा, ही समजूत इथं मोडीत निघते.

आता आमच्या घाटनांदूरकडे वळतो. अंबाजोगाई तालुक्यातलं हे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात होतं. मुलीचं लग्नाचं वय चौदा करणारा १९२९ चा सारडा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आमच्यावर तो लागूच नव्हता. मराठी शाळा मोजक्या, त्यात मुली त्याहून मोजक्या. पुण्या-नागपूरला कुसुमावतींची पिढी लिहीत होती, तेव्हा इथल्या मुलीच्या हाती पाटीसुद्धा आली नव्हती. आमच्या भागात हा प्रकार खऱ्या अर्थानं आला तो शाळा वाढल्यावर, इनलँडच्या काळात. पोस्टकार्ड उघडं, ते पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत सगळे वाचणार. इनलँड घड्या घालून चिकटवता येई, एवढाच त्याचा आडोसा. तोही घरात पाऊल टाकेपर्यंत, कारण होणाऱ्या जावयाचं पत्र आलं की धाकटा भाऊ ते फोडून मोठ्यानं वाचायचा.

म्हणून या पत्रांची रचना ठरून गेली. मायन्याखाली थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, मग पाऊसपाणी, ज्वारीची सुगी, कापसाचा भाव. मुलगी त्याचं नाव घ्यायची नाही, त्यामुळं तिचं पत्र थेट ‘आपलं पत्र पोचलं’ असं सुरू व्हायचं. अख्ख्या पानात दोघांसाठी एखादंच वाक्य. परळीहून लातूर रोडकडे निघालेल्या मुलानं लिहायचं, ‘परवा गाडी घाटनांदूरला थांबली होती, मी खिडकीतच बसलो होतो.’ वाचणाऱ्या भावाला त्यात काही वावगं दिसणार नाही. जिच्यासाठी ते लिहिलं ती मात्र रात्रभर जागी राहील. इतरांच्या देखत तिच्याशी बोलायचं कसब त्या वाक्यात आहे, आणि मला विचाराल तर इथल्या प्रेमपत्राची सारी कला तिथं आहे.

सगळीच पत्रं अशी नव्हती. बसस्टँडवर तयार प्रेमपत्रांची पुस्तकं मिळत. त्यांतून आणि हिंदी सिनेमातून उचललेल्या शेरोशायरीनं कितीतरी पानं भरली. लाल शाईतली बाण घुसलेली बदामं आली, पाकिटात गुलाबाच्या पाकळ्या आल्या. असं पत्र कुणीही कुणालाही पाठवावं आणि काही बिघडू नये, इतकं ते बिनचेहऱ्याचं. उर्दूचा संस्कार आमच्या बोलण्यात मुरलेला आहे, त्यातून काही अस्सल निघू शकलं असतं. उसन्या शेरांनी ती वाटही अडवली.

आज साखरपुडा झाला की दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतो. मोबाइलनं प्रेमपत्र मारलं, असं सरसकट म्हणायला मी तयार नाही. अंबाजोगाईला कॉलेजात जाणाऱ्या मुली होणाऱ्या नवऱ्याला व्हॉट्सॲपवर लांबलचक लिहितात, नोकरी करायची आहे असं सांगतात, हुंडा नको म्हणतात. ‘आपलं पत्र पोचलं’ लिहिणाऱ्या मुलीला ही मोकळीक स्वप्नातही नव्हती. माझी काळजी वेगळी आहे. बालविवाहांच्या संदर्भात बीड जिल्ह्याचं नाव आजही राज्यात वरच्या रांगेत येतं. ऊसतोडीसाठी साखर कारखान्याची उचल घ्यायची तर कोयता हवा, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघायच्या आत घाईनं लग्नं उरकतात. मुलगी आठवी-नववीत शाळा सोडते. सुपारी आणि अक्षता यांत महिना-पंधरा दिवस, कधी तेवढेही नाहीत. म्हणजे एकोणिसाव्या शतकातली आमची अडचण ऊसतोडीच्या घरांत तशीच बसून आहे. तिथं मोबाइल आहे, लिहिणारी मुलगी मात्र पुन्हा एकदा शाळेबाहेर आहे. या लेखनप्रकाराचं भवितव्य साहित्य संमेलनापेक्षा त्या मुलीच्या दहावीवर जास्त अवलंबून आहे.

जी पत्रं लिहिली गेली, त्यांचं काय झालं? इतर कुठल्याही पत्रव्यवहारात दोन बाजू दोन घरांत राहतात आणि संपादक बिचारा एकीच्या शोधात फिरतो. या पत्रांचं तसं नसतं. तिला आलेली पत्रं ती ट्रंकेत घालून सासरी आणते, तिनं लिहिलेली तिथं त्याच्याजवळ असतातच. लग्नानंतर दोन्ही बाजू एका छपराखाली येतात. ‘कुसुमानिल’ दोघांचं पुस्तक होऊ शकलं, त्यामागं हेही एक कारण आहे. आणि जळतात तेव्हा दोन्ही एकदमच जळतात. मुलं वाचायला लागली की लाजेपोटी बाई गठ्ठा चुलीत घालते, नाहीतर घर बदलताना तो रद्दीत जातो. मराठवाड्याच्या कॉलेजांतून मराठीचे प्राध्यापक ओव्या गोळा करतात, म्हणी गोळा करतात. त्यांनी आता या ट्रंकांकडेही वळावं. दोघं हयात असतील तर दोघांची संमती घ्यावी, नावं गाळावीत, आणि पत्रं शुद्धलेखन न सुधारता, ज्वारीच्या भावासकट जशीच्या तशी उतरून घ्यावीत.