उत्तरें न छापणारें पुस्तक

‘बाल वैज्ञानिक’ या हिंदी पाठ्यपुस्तकाचे तीन भाग नुकतेच आम्हीं पुन्हा वाचून काढले. मध्यप्रदेशांतील होशंगाबाद (आतांचा नर्मदापुरम) जिल्ह्यांत किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनीं १९७२ सालीं १६ शाळांत विज्ञानशिक्षणाचा जो प्रयोग आरंभिला, त्यांतून सहावी ते आठवीच्या मुलांकरितां हीं पुस्तकें निघालीं. पुढें १९८२ सालीं स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेनें हें कार्य चालविलें.

यांत पाठ करावयाच्या व्याख्या नाहींत, कीं प्रश्नांखालीं उत्तरें नाहींत. मूळ व पान यांवरील प्रकरणच पाहा. मुलांनीं शाळेबाहेर जावें, रोपें मुळांसकट उपटावीं, पानाच्या शिरा जाळीदार कीं समांतर, मूळ सोटमूळ कीं तंतुमूळ, हें पाहून टिपून ठेवावें. दहा-बारा रोपें झालीं म्हणजे जाळीदार पानाखालीं सोटमूळ व समांतर शिरांखालीं तंतुमूळ हा संबंध त्यांचा त्यांनाच दिसूं लागतो. या प्रयोगांत सुईचें काम बाभळीच्या कांट्यावर भागे, ही गोष्टहि आम्हांस फार आवडली.

परंतु एखाद्या मुलीनें परसांतील अळवाचें रोप आणलें तर? पान जाळीदार, आणि खालीं कंद व तंतुमुळें! ‘तो अपवाद, सोडून दे’ असें म्हणणारा शिक्षक सारा खटाटोप फुकट घालवील. ‘मलाहि नीट ठाऊक नाहीं, अशीं आणखी पानें शोधूं’ असें म्हणण्याचें धैर्य त्याला हवें. होशंगाबादेस त्यासाठीं शिक्षकांचीं शिबिरें व मासिक बैठकी भरत; परीक्षेंतहि पुस्तक उघडण्याची मुभा असे. हा सारा संसार वगळून नुसतें पुस्तक वाचणारास तें रुक्ष वाटेल, आणि तो दोष अगदींच खोटा नव्हे. शासनानें २००२ सालीं हा उपक्रम बंद केला. पुस्तकें उरलीं, बैठकी गेल्या.

आमच्या घरांतील सातवींतल्या मुलाच्या हातीं आम्हीं दुसरा भाग दिला. त्यानें प्रथम शेवटचीं पानें उलटून उत्तरें शोधलीं व तीं न सांपडल्यामुळें पुस्तक परत आणून दिलें. त्याला खुरपें देऊन परसांत धाडावें असें मनांत आलें होतें. पण दुसऱ्याच दिवशीं त्याची घटकचांचणी होती, आणि आम्हीं गप्प राहिलों.