नोल्स यांचे चार रकाने : स्वयंशिक्षण आणि विद्यार्थ्यांचं नेतृत्व

मागच्या व्याख्यानात ओघात माल्कम नोल्स यांचं नाव आलं होतं. नंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की त्यांच्या पुस्तकाबद्दल सविस्तर का नाही बोललात? तर आज तेच करू.

पुस्तक १९७५ सालचं, अमेरिकेतलं. नाव ‘सेल्फ-डायरेक्टेड लर्निंग’. पुस्तक लहान आहे, पण त्याने दिलेला धक्का मोठा होता. काय शिकायचं हे शिक्षकाने ठरवायचं आणि विद्यार्थ्याने उतरवून घ्यायचं, या रिवाजाला नोल्स यांनी उलटं केलं. आपल्याला काय येत नाही हे शिकणाऱ्याने स्वतः ओळखावं, उद्दिष्ट ठरवावं, साधनं शोधावीत, रीत निवडावी आणि शेवटी काय साधलं तेही स्वतःच तपासावं. यासाठी त्यांनी एक हत्यार दिलं : शिक्षण-करार. एक साधा तक्ता. काय शिकणार, कशातून आणि कसं शिकणार, शिकल्याचा पुरावा काय, आणि तो पुरावा कोण कोणत्या कसोटीवर तपासणार. झाले चार रकाने. आम्ही स्वतः हा तक्ता वापरला आहे. भाषा शिकायला, हिशेब शिकायला, एखादं यंत्र चालवायला तो उत्तम आहे. त्यात वाद नाही.

वाद आहे तो पुढचा. हाच तक्ता आता नेतृत्व शिकवायला वापरतात. आपल्या महाविद्यालयांतून ‘नेतृत्वविकास’ नावाचा उपक्रम असतो, त्यात विद्यार्थ्याला असाच एक छापील कागद देतात. ‘सभाधीटपणा वाढवणे’, ‘वेळेचे नियोजन’, ‘संघभावना’. पुरावा म्हणून प्रमाणपत्र जोडा. झालं नेतृत्व!

नोल्स यांच्यावर अन्याय नको. शिकणारा एकटा खोलीत बसून शिकतो असं ते म्हणत नाहीत. शिक्षक, मार्गदर्शक, सोबती यांची मदत ते गृहीतच धरतात. पण नीट पाहा, तक्त्यात ही माणसं येतात कुठे? एकतर दुसऱ्या रकान्यात, साधन म्हणून. नाहीतर चौथ्यात, परीक्षक म्हणून. माझ्या निर्णयाने ज्याचं बरंवाईट होणार आहे, जो मला ‘हे चालणार नाही’ म्हणू शकतो, त्या माणसाला या तक्त्यात जागाच नाही. आणि नेतृत्व तर त्याच्याचसमोर शिकावं लागतं. आमची मुख्य तक्रार ही आहे.

उदाहरण नोल्स यांच्याच देशातलं घेऊ, पुस्तकाच्या अठरा वर्षं आधीचं. साऊथ कॅरोलिनातलं जॉन्स बेट. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर राज्यघटनेचा उतारा वाचून दाखवावा लागे. कृष्णवर्णीयांना मतापासून लांब ठेवायचा तो सोयीस्कर मार्ग. ईसॉ जेन्किन्स हे बस चालवत आणि बसमध्येच प्रवाशांना तो उतारा शिकवत. त्यांनी आणि सेप्टिमा क्लार्क यांनी टेनेसीच्या हायलँडर शाळेच्या मदतीने १९५७ मध्ये प्रौढांचा वर्ग काढला. पुढे सहकारी दुकान, मागे वर्ग. गोऱ्यांच्या नजरेला यायला नको म्हणून ही रचना. क्लार्क मुरलेल्या शिक्षिका होत्या, एका संघटनेचं सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून आदल्याच वर्षी त्यांची सरकारी शाळेतली नोकरी गेली होती. पण वर्गावर नेमलं कोणाला? बर्निस रॉबिन्सन यांना. त्या केशभूषा करत, शिवणकाम करत, शिकवण्याचा अनुभव शून्य. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, की आपण शिक्षिका नाही, सगळे मिळून शिकू. आणि विचारलं, तुम्हाला काय शिकायचंय? कोणाला सही करायची होती, कोणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कोणाला बायबल वाचायचं होतं. वर्ग त्यावर उभा राहिला.

आता रॉबिन्सनबाईंच्या हाती तो तक्ता देऊन पाहा. पहिल्या रकान्यात त्या काय लिहितील? त्यांचं उद्दिष्ट त्यांनी ठरवलेलंच नव्हतं, ते समोर बसलेल्या लोकांकडून आलं. तरी शिकल्या त्या स्वतःच, कोणी शिकवायला नव्हतं. ‘स्वयं’ म्हणजे एकट्याने ठरवणं, हा अर्थ इथे अपुरा पडतो.

आपल्याकडे साताऱ्याचं वसतिगृह आठवा. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये ते काढलं. वेगवेगळ्या जातींची पोरं एका ठिकाणी राहायची, एका पंगतीत जेवायची, राबायची. त्या काळात एका पंगतीला बसणं हीच केवढी परीक्षा! त्याला तक्ता लागत नव्हता.

आणि आम्ही काय केलं? १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतली खुली निवडणूक गेली, आदल्या परीक्षेच्या गुणांवरून वर्गाचा प्रतिनिधी नेमला जाऊ लागला. निवडणुकांत हाणामाऱ्या होत होत्या, हे खरं. पण ज्याने कधी वर्गाकडे मत मागितलं नाही, त्याला वर्ग जाब तरी कसा विचारणार? २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, प्रत्यक्षात ती रखडत राहिली. ही रिकामी जागा भरायला म्हणून तक्ते आले, असं आम्हाला वाटतं.

एका महाविद्यालयात आम्ही असे कागद तपासायला गेलो होतो. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने तीन प्रमाणपत्रं जोडली होती. आम्ही सहज विचारलं, ‘बाळ, या वर्षात तुझ्यामुळे कोणाचं काही बदललं का गं?’ ती जरा घुटमळली. मग म्हणाली, ‘सर, होस्टेलला उन्हाळ्यात एकच टँकर यायचा. आंघोळीच्या पाळ्या मी लावल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या मुली भांडल्या माझ्याशी, सारखी शेवटची पाळी आमचीच का म्हणून. त्यांचं बरोबर होतं. तीनदा बदलावं लागलं.’

‘मग हे लिहिलं का नाहीस?’

‘याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं सर?’

सोबतच्या प्राध्यापकांना आम्ही म्हटलं, या मुलीला एक पाचवा रकाना द्या : ‘कोणी हरकत घेतली, आणि मग मी काय बदललं?’ ते म्हणाले, नमुना वरून ठरून येतो, त्यात भर घालता येत नाही. मुलीने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पाळ्यांची तिन्ही वेळापत्रकं आठवून लिहून काढली. गुण मात्र पुढच्या बाजूलाच मिळाले.