नांगर पडतो तेव्हा

बेटांच्या गोष्टी लिहिणारे लेखक दोन जातींचे असतात: नांगर टाकून बेटावर उतरणारे आणि न टाकताच उतरणारे. दुसरी जात संख्येने मोठी. वादळ शमते, क्षितिजावर माडांची रांग दिसते, आणि पान उलटावे तो नायक वाळूत शहाळे फोडीत बसलेला! मधली धडपड कोठे गेली, हे विचारावयाचे नाही.

भोकरदन तालुक्यातल्या केदारखेड्यात राहून या विषयाची उठाठेव मी का करावी, असे कोणी विचारील. आमच्या पूर्णेचे पाणी गोदावरीवाटे बंगालच्या उपसागराला मिळते, एवढीच काय ती आमची समुद्राशी सोयरीक. पण शेताच्या आणि गलबताच्या नांगराला मराठीने एकच नाव दिले आहे. दोघांनाही जमीन पारखावी लागते. आमचा रुतून पुढे चालतो, त्यांचा रुतून थांबतो, इतकेच.

पोवळ्याच्या खडकांनी वेढलेल्या बेटाशी शिडाची होडी आणणे म्हणजे तर अशी पारखच. ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असतानाच खडकांमधल्या वाटेने आत शिरावयाचे. एकाने पुढे उभे राहून पाण्याचा रंग वाचावयाचा; फिकट निळसर हिरवा दिसला की खाली वाळू, तपकिरी दिसला की पोवळे. नांगर वाळूतच टाकावा. साखळी पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट सोडावी, दोर असल्यास सात पट. कारण ओढ आडवी बसली तरच फाळ रुततो, उभी बसली की उखडतो. एवढे करूनही वारा फिरला की होडी नांगराभोवती वर्तुळ घेते. त्या वर्तुळात एखादा खडक आला, की रात्रीची झोप गेलीच म्हणून समजा.

हे ज्याला कळले तो स्टीव्हन्सन. त्याच्या 'ट्रेझर आयलंड'मध्ये (1883) वारा पडलेला असतो. खलाशांना होड्यांतून वल्ही मारीत जहाज ओढून आणावे लागते, उन्हाने डोकी तापतात, आणि बंडाची पहिली कुरकूर तेथेच ऐकू येते. तळाला स्वच्छ वाळू आहे हेही तो सांगावयास विसरत नाही. नांगर पाण्यात पडताच रानातून पाखरांचे थवे उठतात! पुढे पोरगा जिम नांगराचा दोर कापतो, तोही ताण सैल पडण्याची वाट पाहून. याउलट बॅलंटाइनचे 'द कोरल आयलंड' (1857). लेखकाने ती बेटे पाहिलेली नव्हती. जहाज खडकावर फोडून त्याने नांगराची कटकटच मिटविली. आणि झाडावरच्या नारळाला रूप दिले ते इंग्लंडातल्या दुकानी मिळणाऱ्या सोललेल्या नारळाचे. आपल्या कोकणातले शेंबडे पोरही त्याला हसेल.

जोशुआ स्लोकम मात्र एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 1897 साली तो कोकोस-कीलिंगच्या प्रवाळबेटांवर थांबला. त्याचे लिहिणे साधे आणि म्हणून खरे आहे. परंतु त्याच प्रामाणिकपणाने तो सांगतो, की होडीला भार म्हणून तेथल्या प्रचंड शिंपल्या त्याने भरून घेतल्या. त्यात काही गैर आहे असे त्याच्या मनातही आले नाही. माझी खरी तक्रार येथे आहे. या साऱ्या पुस्तकांत खडक हा होडीचा वैरी. होडी ही खडकाची वैरीण असू शकते, हे कोणालाच सुचत नाही. खडकासारखे वाढणारे पोवळे वर्षाकाठी जेमतेम सेंटिमीटरभर वाढते. घसटणारी साखळी दुपारभरात जे मोडते, ते पुन्हा उभे राहावयास माणसाचे आयुष्य पुरत नाही. आमचा नांगर फिरतो तेथे पीक येते. हा फिरतो तेथे पडीक होते.

आपल्याकडे हा विषय परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त पावसाळ्यासाठी आरमार कोठे विसावावे याचा विचार आहे. गडाच्या आश्रयावाचून उघड्या बंदरात छावणी करू नये, असा त्याचा रोख. सिंधुदुर्गाचे काम 1664 साली सुरू झाले, तेही बुडत्या खडकांनी वेढलेल्या कुरटे बेटावर. मालवणच्या त्याच पाण्यात पोवळी आहेत आणि 1987 पासून ते सागरी अभयारण्य आहे. आपल्या दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'तून एकट्याने जगप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. त्यांचे मुक्काम मात्र फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन अशा थोरल्या बंदरांत झाले.

पोवळ्याच्या खडकांतून रोज होडी काढणारा तांडेल मालवणात आहे. आमच्या मुलांना बॅलंटाइनचा नारळ किती दिवस खावयास घालावयाचा? त्या तांडेलाने कोठे नांगर टाकतो आणि कोठे टाकीत नाही, एवढेच कोणाकडून लिहवून घेतले, तरी ते पुस्तक मी टपालाने केदारखेड्याला मागवीन.