धार आणि सहाण

यशस्वी कलावंताच्या उत्तरकाळात त्याच्यावर एक आरोप हटकून येतो. ह्याच्यात आता पूर्वीचे पाणी राहिले नाही, हा तो आरोप. अमेरिकेतील हिप-हॉप आणि पॉप संगीतात ज्यांना 'प्रोड्यूसर' म्हणतात, त्या नामवंत मंडळींवर तो आज कित्येक वर्षे होत आहे. डॉ. ड्रे, टिंबालँड, फॅरेल विल्यम्स, कान्ये वेस्ट ही नावे निघाली की जुने रसिक सुस्कारा टाकतात आणि पंचवीस वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणे काढून बसतात. आमचा व्यवसाय वकिलीचा. आरोप कितीही लोकप्रिय असला तरी त्याचे मुद्दे काढल्यावाचून आणि पुरावा पाहिल्यावाचून त्यावर मत देऊ नये, एवढे त्या व्यवसायाने आम्हांस शिकविले आहे. तेव्हा प्रथम मुद्दे. ह्या मंडळींची धार खरोखर गेली काय? गेली असल्यास कशाने गेली? आणि मुळात ती आली कोठून? आमच्या मते तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडल्याखेरीज पहिल्या दोहोंची उत्तरे हाती लागणार नाहीत.

'प्रोड्यूसर' ह्या शब्दाचा अर्थ आधी स्पष्ट केला पाहिजे. आपल्याकडे निर्माता म्हटले की चित्रपटाला पैसा पुरविणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. येथे तसे नाही. आपल्या चित्रपटसंगीतात चाल बांधणारा संगीत दिग्दर्शक, वाद्यमेळ रचणारा अरेंजर आणि काचेमागे बसणारा ध्वनिमुद्रक अशी निदान तीन माणसे असतात. हिप-हॉपचा प्रोड्यूसर बहुधा ह्या तिघांचेही काम अंगावर घेतो. कोठे काय वाजावे, किती वाजावे आणि कोठे काहीच वाजू नये, हे तो ठरवितो. शब्द गाणाऱ्याचे असतात. त्या शब्दांभोवतीची हवा प्रोड्यूसरची असते.

धार जाण्याचे सर्वांत सोपे कारण म्हणून वयाकडे बोट दाखविले जाते. हे कारण पुराव्यापुढे टिकत नाही. स्वीडनच्या मॅक्स मार्टिन यांनी १९९८ साली ब्रिटनी स्पिअर्स हिचे 'बेबी वन मोर टाइम' घडविले तेव्हा ते २७ वर्षांचे होते. 'द वीकेंड' ह्या गायकाचे 'ब्लाइंडिंग लाइट्स' त्यांच्या सहभागाने २०१९ साली सिद्ध झाले, आणि पुढल्या वर्षी ते अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. वय हेच कारण असते, तर ते त्यांनाही लागू पडावयास हवे होते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८७ साली बाजारात आलेल्या एसपी-१२०० ह्या यंत्रात सुमारे १० सेकंदांचाच नाद साठविता येत असे. जुन्या तबकडीवरील एखादा तुकडा त्यात मावत नसला, तर तबकडी जलद फिरवून तो थोड्या वेळात भरून घ्यावयाचा आणि यंत्रात पुन्हा संथ करावयाचा, अशी युक्ती त्या काळच्या तरुणांनी काढली. ह्या खटपटीत नादाला एक खरखर येई. ती दोष म्हणून न राहता त्या संगीताचा रंग होऊन बसली. अशा तुकड्यांचे दाट विणकाम करून पब्लिक एनिमी ह्या गटाने १९८८ साली आणि डे ला सोल ह्या गटाने १९८९ साली जे संग्रह दिले, ते आजही ह्या संगीताचे मानदंड मानले जातात.

नंतर कायदा आडवा आला. गिल्बर्ट ओ'सलिव्हन यांच्या गाण्याचा तुकडा बिझ मार्की ह्या रॅपरने विनापरवाना वापरला म्हणून न्यू यॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा लागला. १९९१ साली न्यायाधीश केव्हिन डफी यांनी आपल्या निकालाचा आरंभच बायबलमधील चोरीविरुद्धच्या आज्ञेने केला, आणि प्रकरण फौजदारी कारवाईच्या विचारासाठी सरकारी वकिलांकडे पाठविले. ह्या निकालानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणे आणि मोल देणे क्रमप्राप्त झाले. शेकडो तुकड्यांचे विणकाम परवडेनासे झाले. पाच वर्षांनी, १९९६ साली, व्हर्जिनियाच्या टिंबालँड यांनी आलिया ह्या तरुण गायिकेचा 'वन इन अ मिलियन' हा संग्रह मिसी एलियट हिच्या साहाय्याने घडविला. त्यात ताल अडखळतो, थबकतो आणि अनपेक्षित जागी पुन्हा पाऊल टाकतो. १९९८ सालच्या आलियाच्याच एका गाण्यात त्यांनी तान्ह्या मुलाचा हुंकार तालात गोवला. त्याच प्रांतातील फॅरेल विल्यम्स आणि चॅड ह्यूगो ह्या जोडीने २००२ साली क्लिप्स ह्या भावांसाठी केलेले 'ग्राइंडिन' जवळजवळ नुसत्या आघातांवर उभे आहे. शाळेतील मुले बाकावर ठेका धरतात तसा तो ताल आहे. कायद्याने एक दार लावले म्हणूनच ही सृष्टी जन्मली असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु दुसऱ्याच्या तबकडीकडे जाणारा हात आखडल्यामुळे स्वतःचा नाद शोधण्याची निकड वाढली, हे नाकारता येत नाही.

येथे कोणी म्हणेल, ही धार मुळात उसनीच होती. ह्या आक्षेपाचा विचार आपल्या वाचकांना निकटच्या उदाहरणाने करता येईल. 'जोती' ह्या १९८१ सालच्या हिंदी चित्रपटातील, बप्पी लाहिरी यांनी बांधलेले आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले 'थोडा रेशम लगता है' हे गीत डीजे क्विक ह्या प्रोड्यूसरने २००२ साली ट्रुथ हर्ट्स ह्या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' मध्ये घेतले. ते गाणे डॉ. ड्रे यांच्या आफ्टरमॅथ कंपनीने काढले. लाहिरी यांचे नाव छापल्याशिवाय संग्रह विकू नये असा मनाई हुकूम अमेरिकेच्या न्यायालयाने २००३ साली दिला, आणि तो योग्यच होता. पण कायद्याचा प्रश्न बाजूस ठेवून नुसत्या कानाने ऐकले तरी काय आढळते? मंगेशीचे नाव ज्या घराण्याने आडनावात मिरविले त्या घराण्यातील तो कंठ तेथे जवळजवळ जसाच्या तसा आहे. खाली ठेका तेवढा नवा. मोहिनी आहे ती लताबाईंची आणि लाहिरींची. उलट २००१ सालच्या मिसी एलियट हिच्या 'गेट यर फ्रीक ऑन' मध्ये टिंबालँड यांनी पंजाबी तुंबीची एक छोटी स्वरावली घेतली, आणि तिच्याच कण्यावर संपूर्ण गाणे उभे केले. तुंबी तेथे पाहुणी राहिलेली नाही. उसनवारी दोन्हीकडे आहे. एकीकडे ती पदार्थाला लावलेला वर्ख आहे, दुसरीकडे पदार्थच तिचा झाला आहे. तेव्हा घेतले की नाही ह्यापेक्षा घेतलेल्याशी झुंज झाली की नाही, हा प्रश्न समीक्षकाने विचारावा.

आमचे प्रतिपादन आता स्पष्ट करतो. पात्याला धार सहाणेवर घासल्याने येते, आणि सहाण पात्याच्या बाहेर असते. ह्या कलावंतांची सहाण दुहेरी होती. अपुरे यंत्र आणि कायद्याचा अडसर ही एक; आणि खोलीत शेजारी बसलेले, 'हे जमले नाही' असे तोंडावर सांगणारे माणूस ही दुसरी. टिंबालँड यांच्यापाशी मिसी एलियट होती. २००६ साली जस्टिन टिंबरलेक आणि नेली फुर्टाडो यांच्या संग्रहांनी त्यांना पुन्हा शिखरावर नेले, त्या गाण्यांत डांजा नावाचे तरुण सहकारी बरोबरीने राबत होते. फॅरेल यांच्याजवळ चॅड ह्यूगो होते. डॉ. ड्रे यांच्या १९९९ सालच्या '२००१' ह्या संग्रहातील 'स्टिल डी. आर. ई.' चे पियानोवरील ते हट्टी स्वर स्कॉट स्टॉर्च यांच्या बोटांतून आलेले आहेत. वेष्टनावर नाव एकाचे मोठे असले तरी धार दोघांच्या घर्षणाची असते.

कीर्ती नेमकी ही सहाण काढून नेते. नाव मोठे झाले की यंत्र कोणतेही मिळते, वेळ हवा तितका मिळतो, गायक आपण होऊन दारी येतो. तो येतो तेव्हा 'माझ्या गळ्याला काय शोभेल?' असे न विचारता 'तुमचा तो प्रसिद्ध नाद मला द्या' असे म्हणतो. २००९ साली रॉक गायक क्रिस कॉर्नेल यांचा 'स्क्रीम' हा संग्रह टिंबालँड यांनी केला. त्यात दोन समर्थ माणसे आहेत. पण त्यांची एकमेकांशी गाठ पडल्याचा प्रत्यय येत नाही. कॉर्नेल यांचा रुंद, फाटणारा आवाज त्या गुळगुळीत तालावर पाहुण्यासारखा अवघडून बसला आहे. डॉ. ड्रे यांनी 'डीटॉक्स' नावाच्या संग्रहाची घोषणा करून वर्षानुवर्षे त्यावर काम केले, आणि तो मनास उतरला नाही म्हणून सोडून दिल्याचे २०१५ साली सांगितले. ह्यात त्यांचा कान शाबूत असल्याचाच पुरावा आहे. बरे-वाईट कळत होते. नवे निघत नव्हते. कान्ये वेस्ट यांनी २०१३ सालच्या 'यीझस' साठी प्रकाशनाच्या तोंडावर रिक रुबिन यांना बोलाविले, आणि रुबिन यांनी त्यातील भरताड काढून टाकली. तो संग्रह आवडो न आवडो, त्याला टोक आहे. २०२१ सालच्या 'डोंडा' मध्ये २७ तुकडे आहेत. ते ऐकताना 'पुरे' म्हणणारे कोणी जवळ नव्हते, असेच वाटत राहते.

तथापि प्रत्येक अडसराला सहाण समजणे ही चूक होईल. फॅरेल विल्यम्स आणि रॉबिन थिक यांचे २०१३ सालचे 'ब्लर्ड लाइन्स' हे मार्विन गे यांच्या १९७७ सालच्या गाण्याचे उल्लंघन आहे असे ज्यूरीने २०१५ साली ठरविले. सुमारे ७४ लाख डॉलरांची ती रक्कम पुढे ५३ लाखांवर आली, आणि २०१८ साली अपिलातही निकाल मुख्यतः कायम राहिला. एका न्यायमूर्तींनी भिन्नमत नोंदवून ही गाणी स्वर, मेळ आणि ताल ह्या तिहींत वेगळी असल्याचे म्हटले. आमचे मत त्या भिन्नमताकडे झुकते. १९९१ च्या निकालाने दुसऱ्याची वस्तू उचलण्यास मनाई केली. वस्तू कोणती हे ठाऊक असल्याने तिला वळसा घालता येत होता. २०१५ च्या निकालाने नुसत्या वातावरणाच्या साम्याची भीती घातली, आणि वातावरणाला वळसा कसा घालावा हे कोणालाच सांगता येत नाही. अशा अडसराने कलावंत कल्पक होत नाही, भित्रा होतो. त्याच वर्षी 'अपटाउन फंक' ह्या गाण्याच्या लेखकांत गॅप बँडच्या जुन्या गीतकारांची नावे मागाहून घालण्यात आली. ज्याचे ऋण त्याचे नाव, हे न्याय्य आहे. परंतु आधी वकिलाचा सल्ला आणि मग चाल असा क्रम पडू लागला, तर त्यात आमच्या व्यवसायाची भरभराट होईल, संगीताची नव्हे.

आरोपींच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. पूर्वी दुर्मिळ यंत्रे आणि महागडे स्टुडिओ ज्यांच्या हाती, त्यांचाच नाद वेगळा उमटे. आता घरच्या संगणकावर तेच काम होते. सोल्जा बॉय ह्या कोवळ्या तरुणाने तसे घरगुती साधनांनी केलेले गाणे २००७ साली अमेरिकेत पहिले आले. आज निघालेला नवा नाद उद्या हजारो संगणकांत जाऊन बसतो, आणि मूळ कलावंत स्वतःचाच अनुकरणकर्ता भासू लागतो. त्याची धार कमी झाली असे आपणांस वाटते, त्याचे एक कारण असे की भोवती सर्वत्र त्याच साच्याची पाती लखलखत आहेत.

सहाण पुन्हा मिळाली तर काय होते, हेही पाहावयास मिळते. २०२३ साली लुई व्हितों ह्या फ्रेंच पोशाखसंस्थेच्या पुरुषविभागाचे प्रमुखपद स्वीकारल्यावर फॅरेल यांनी संगीत सोडल्यातच जमा आहे असे अनेकांनी मानले. २०२५ साली क्लिप्सचे तेच दोघे भाऊ परत आले, आणि 'लेट गॉड सॉर्ट एम आउट' हा त्यांचा संपूर्ण संग्रह फॅरेल यांनी केला. त्यात दहाजणांना दहा तऱ्हांनी खूश करण्याची धडपड नाही. समोर दोनच माणसे आहेत, ओळखीची आणि लटक्या स्तुतीला न भुलणारी. ताल पुन्हा कोरडा, उघडा आणि बेदरकार झाला आहे. तिकडे टिंबालँड २०२४ साली सुनो ह्या कृत्रिम बुद्धीने गाणी करणाऱ्या कंपनीचे सल्लागार झाले, आणि २०२५ साली त्यांनी यंत्राने घडविलेली एक गायिकाही लोकांपुढे आणली. आम्हांस यंत्राचा तिटकारा नाही. हे संगीतच यंत्रातून जन्मले. पण एसपी-१२०० हे यंत्र दहा सेकंदांनंतर 'नाही' म्हणत असे. हे नवे यंत्र कशालाच 'नाही' म्हणत नाही, आणि ती गायिका तर मुळीच म्हणणार नाही. मिसी एलियटच्या जागी तिला बसविणे म्हणजे सहाणेच्या जागी लोणी ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा. धार कमी झाली हा आरोप काही कृतींपुरता सिद्ध होतो; ती कायमची गेली हा आरोप सिद्ध होत नाही. प्रतिभा वयाने आटली असे मानण्यास पुरावा नाही. तिला अडविणारे, खोडून काढणारे, तिच्याशी भांडणारे माणूस जवळून गेले, ह्यास मात्र भरपूर आहे. एखाद्या नामवंताचा नवा संग्रह हाती आला, म्हणजे ठळक नावाखालची बारीक अक्षरांतली नावे रसिकांनी अवश्य वाचावी. तेथे कोणी बरोबरीचे माणूस आढळले, तर तो संग्रह ऐकण्यास बसावे. सगळेच हुकमाचे ताबेदार आढळले, तर अपेक्षा बेताची ठेवावी.